मेमेंटो पार्क कसं पाहावं: आधी बुडापेस्टचे रिकामे चौथरे, मग पुतळे

बुडापेस्टला गेलेली मंडळी साधारणपणे डॅन्यूबवरची रात्रीची बोट, संसदेची इमारत आणि गरम पाण्याची स्नानगृहं उरकतात आणि व्हिएन्नाची गाडी पकडतात. ज्यांच्या हाताशी एखादा जास्तीचा दिवस आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. शहराच्या दक्षिण टोकाला, २२व्या विभागात, मोकळ्या माळावर मेमेंटो पार्क आहे. साम्यवादी राजवटीत बुडापेस्टच्या चौकाचौकांत लेनिन, मार्क्स, लाल सैनिक, मूठ उगारलेले कामगार उभे होते. राजवट गेल्यावर ते उतरवले गेले. त्यांतले ४२ पुतळे, उठावशिल्पं आणि फलक इथे आणून ठेवले आहेत.

पार्क लहान आहे. नुसती चक्कर मारलीत तर तासाभरात बाहेर पडाल, आणि "एवढंच?" असं म्हणत पडाल. कारण असे पुतळे हे जागेसाठी घडवलेले असतात. एखादा संचलनाच्या मैदानावर लाखभर लोकांकडे बघायला, एखादा पक्षाच्या कचेरीसमोर पहारा द्यायला, तर एखादा महामार्गावरून येणाऱ्याला दुरून दिसायला. ती जागा काढून घेतली की धातूचा मोठा तुकडा उरतो. म्हणून माझा सल्ला असा: आधीचा अर्धा दिवस शहरात, या पुतळ्यांच्या मूळ जागा बघण्यात घालवा आणि दुपारी पार्क गाठा. सगळ्या पर्यटन पुस्तिका थेट पार्कची बस दाखवतात. ती चूक टाळा.

निघण्याआधी

व्हिसा शेंगेनचा लागतो, त्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे. चलन फोरिंट आहे, युरो नव्हे. दुकानदार युरो घेतात, पण स्वतःच्या दराने. पार्क वर्षभर सकाळी १० च्या सुमाराला उघडतं, बंद होण्याची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. त्यामुळे वेळ आणि तिकिटाचा दर त्यांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलैच्या उन्हात माळावर सावली शोधावी लागते आणि जानेवारीत वारा कानात शिरतो.

थोडी पूर्वतयारी घरीच करता येते. मुंबईत असाल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या आवारात ब्रिटिश काळातले गव्हर्नर, व्हाइसरॉय आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी हलवून ठेवलेले आहेत. काळा घोडा चौकातला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये भायखळ्यालाच गेला. पुतळा जाऊन अर्धशतक उलटलं तरी चौकाचं नाव गेलं नाही, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. भायखळ्यात थोडा वेळ घालवा आणि प्रत्येक पुतळ्यापाशी एकच प्रश्न विचारा: हा आधी कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसत होतं? बुडापेस्टमध्ये हाच प्रश्न दिवसभर विचारायचा आहे. फरक एवढाच, की मुंबईत पुतळे सोयीसाठी एका कोपऱ्यात ठेवले गेले, बुडापेस्टने त्यांच्यासाठी स्पर्धा घेऊन मुद्दाम वास्तू बांधली.

इतिहास, कामापुरता

१९४४-४५ च्या हिवाळ्यात लाल सैन्याने बुडापेस्टला वेढा घालून जर्मनांकडून ते जिंकलं. मग सोव्हिएत छत्राखाली साम्यवादी राजवट आली. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव चिरडला. १९८९ मध्ये राजवट शांतपणे बदलली आणि १९९१ च्या जूनमध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक देशाबाहेर पडला.

त्याच वर्षी पुतळ्यांचं काय करायचं हा वाद नगरपालिकेत रंगला. कुणी म्हणालं वितळवा, कुणी म्हणालं जिथे आहेत तिथे राहू द्या. शेवटी एका जागी नेऊन ठेवायचं ठरलं, आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि ती आकोश एलेअड या तरुण वास्तुविशारदाने जिंकली. १९९३ च्या उन्हाळ्यात पार्क उघडलं. एलेअडचं सांगणं थोडक्यात असं होतं: ही बाग हुकूमशाहीबद्दल आहे, पण हुकूमशाहीबद्दल उघडपणे बोलता येतंय म्हणजे ती लोकशाहीबद्दलही आहे. म्हणूनच इथे पुतळ्यांची टिंगल केलेली नाही आणि आरतीही ओवाळलेली नाही.

पहिला टप्पा: संचलनाचा रस्ता

सकाळी एम-१ या जुन्या भुयारी रेल्वेने वीरांच्या चौकात उतरा. ही रेल्वे १८९६ ची, पिवळे छोटे डबे, तीच एक गंमत आहे. तिथून शहरातल्या मोठ्या बागेच्या कडेने दोझा ज्योर्ज रस्ता धरा. मेमेंटो पार्कमधले तीन मोठे धागे याच रस्त्याला बांधलेले आहेत.

इथे स्टालिन होता. १९४९ मध्ये त्याच्या सत्तरीला हंगेरीच्या जनतेकडून भेट म्हणून पुतळा जाहीर झाला आणि १९५१ च्या डिसेंबरात उभा राहिला. शिल्पकार शांदोर मिकुश. ब्राँझचा पुतळाच ८ मीटर, खाली चौथरा आणि त्याखाली नेत्यांना उभं राहून सलामी घेण्यासाठी प्रेक्षकसज्जा. मैदान मोठं करायला त्याच वर्षी इथलं एक चर्च पाडलं. २३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री जमावाने पुतळा ओढून पाडला. ब्राँझ गुडघ्यापाशी तुटलं आणि चौथऱ्यावर दोन बूटच उरले. लोकांनी त्या बुटात हंगेरीचा झेंडा खोचला, आणि चौकाला बुटांचा चौक म्हणायला लागले. ही गोष्ट डोक्यात ठेवा, दुपारी लागेल.

स्टालिन गेल्यावर मैदान रिकामं राहिलं नाही. १९६५ मध्ये याच रस्त्यावर पाल पात्साई या शिल्पकाराचा लेनिन आला. तो १९८९ मध्ये "दुरुस्तीसाठी" म्हणून उतरवला गेला आणि परत बसवलाच नाही. सरकारी कामाची ही पद्धत आपल्याला नवी नाही. १९६९ मध्ये याच रस्त्यावर, १९१९ मध्ये हंगेरीत काही महिने टिकलेल्या सोव्हिएत प्रजासत्ताकाचं स्मारकही आलं.

आज तिथे २००६ साली उभारलेलं १९५६ च्या उठावाचं स्मारक आहे. गंजलेले लोखंडी खांब आधी विरळ उभे आहेत, पुढे दाट होत जातात आणि शेवटी एकमेकांत मिसळून चकचकीत पोलादाची पाचर होते. त्या खांबांमधून चालत पाचरीच्या टोकापर्यंत जा. सरकारी स्मारकांत हे मला खूपच चांगलं वाटतं, कारण इथे कुणी एक माणूस वर चढलेला नाही. भोवती आता मानववंशशास्त्र संग्रहालयाची वळणदार नवी इमारत आली आहे, तिच्या छपरावर चढून गेलात तर मैदानाचा पसारा लक्षात येतो.

दुसरा टप्पा: यासाई मारी चौक आणि हलणारे पुतळे

तिथून मार्गिट पुलाच्या पेस्ट बाजूला (डॅन्यूबच्या पूर्वेला पेस्ट, पश्चिमेला बुडा), यासाई मारी चौकात या. ४ आणि ६ नंबरच्या ट्राम इथून जातात. नदीकाठच्या मोठ्या पांढऱ्या इमारतीत पक्षाचं मुख्यालय होतं. त्या इमारतीसमोर ज्योर्ज शेगेश्दी यांनी ग्रॅनाइटमध्ये कोरलेले मार्क्स आणि एंगेल्स उभे होते, चौकोनी ठोकळ्यांच्या घनवादी शैलीतले. ते आता पार्कच्या दारात आहेत.

आणि त्यांच्या या चौकात सध्या कोण आहे? इम्रे नाज, १९५६ चा पंतप्रधान, ज्याला १९५८ मध्ये फाशी दिलं गेलं. त्याचा पुतळा १९९६ पासून संसदेजवळच्या हुतात्म्यांच्या चौकात होता, एका छोट्या पुलावर उभा राहून संसदेकडे बघत. २०१८ च्या डिसेंबरअखेर सरकारने तो तिथून काढला आणि पुढच्या वर्षी इथे आणून बसवला. जुन्या जागेवरून तो संसदेकडे बघत होता. नवी जागा जुन्या पक्ष मुख्यालयाच्या शेजारची. या शहरात पुतळे हलवणं १९९३ मध्ये संपलं असं समजू नका.

दहा मिनिटं चालत साबादशाग चौक गाठा. इथे सोव्हिएत सैनिकांचं स्मारकस्तंभ अजून जागेवर आहे, टोकाला सोनेरी तारा धरून. रशियाशी केलेल्या करारामुळे ते हलवलेलं नाही. जवळच अमेरिकेचा दूतावास आहे, आणि २०११ पासून त्या चौकात रोनाल्ड रेगनचा ब्राँझचा पुतळाही आहे, चालत येतोय असा. दोघांना एका फोटोत बसवायचा प्रयत्न पर्यटक करतात. जमतो.

तिसरा टप्पा: २ नंबरच्या ट्रामची खिडकी

यासाई मारी चौकातून निघणारी २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने दक्षिणेकडे जाते. उजव्या हाताची खिडकी पकडा. नदीपलीकडे गेलेर्ट टेकडीवर दोन्ही हातांत ताडाचं पान उंच धरलेली स्त्री दिसेल. ते स्वातंत्र्याचं शिल्प आहे, १९४७ मधलं, शिल्पकार झिगमंड किशफालुदी श्ट्रोब्ल. स्त्रीची उंची १४ मीटर, चौथऱ्यासकट ४० मीटर. मुळात ते सोव्हिएत मुक्तिदात्यांच्या नावाने उभं राहिलं होतं. राजवट बदलल्यावर शहराने स्त्रीला वर ठेवलं, खालचा लेख बदलला आणि तिच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सोव्हिएत सैनिकाला उतरवलं. १९९२ मध्ये एका कलावंताने ही अख्खी स्त्री काही दिवसांसाठी पांढऱ्या कापडात गुंडाळून भुतासारखी केली होती, त्यानंतर तिच्यावरचा राग ओसरला म्हणतात. टेकडीवरच्या किल्ल्याचं काम बरीच वर्षं चाललं, त्यामुळे वर जायचं असल्यास आधी चौकशी करा. या दिवसासाठी ट्रामची खिडकी पुरेशी आहे.

फोवाम चौकात उतरा. शेजारी मोठी झाकलेली मंडई आहे, जेवण इथेच करून घ्या, कारण पार्कच्या आसपास खाण्याची सोय जवळजवळ नाही. शाकाहारी असाल तर वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, तळलेली मोठी भाकरीच म्हणा, वर आंबट साय आणि चीज. पाण्याची बाटली भरून घ्या.

पार्कपर्यंत

फोवाम चौकाखालूनच एम-४ मेट्रो जाते. तिच्या शेवटच्या स्थानकावर, केलेनफल्ड रेल्वे स्टेशनला उतरा. तिथून पार्ककडे बस जाते: आठवड्याच्या कामाच्या दिवशी १०१बी आणि १०१ई पटकन नेतात, १५० नंबरची बस रोज असते पण वळसे घेत जाते. बसथांब्याचं नावच मेमेंटो पार्क आहे. वेळापत्रक शहराच्या परिवहन ॲपवर, बुडापेस्टगो, लगेच दिसतं. पार्क शहराच्या हद्दीत असल्याने साधं शहर-तिकीट चालतं. पण आज तुम्ही भुयारी रेल्वे, ट्राम, मेट्रो आणि बस अशी सगळी वाहनं बदलणार आहात, म्हणून २४ तासांचा पास काढा. सुटी तिकिटं प्रत्येक वेळी यंत्रात छापायला विसरलात तर तपासनीस दंड वसूल करतात आणि पर्यटक म्हणून सवलत देत नाहीत.

बसमधून उतरलं की समोर रहदारीचा बालातोन रस्ता आणि पलीकडे विटांची भिंत. पहिल्या नजरेत कारखान्याचं फाटक वाटतं.

दारात थांबा

इथे घाई करू नका, कारण पार्कमधली सगळ्यात विचारपूर्वक केलेली जागा ही आहे. लाल विटांचं भव्य दर्शनी रूप, खांब, कमानी, देवळासारखा थाट. एका कोनाड्यात दोझा ज्योर्ज रस्त्यावरचा लेनिन, दुसऱ्यात यासाई मारी चौकातले मार्क्स-एंगेल्स. सकाळी त्यांच्या जागा पाहिल्या असल्यामुळे आता ओळख पटते. मग बाजूला जाऊन बघा: या दर्शनी रूपामागे इमारत नाहीच. नाटकाच्या पडद्यासारखी नुसती भिंत. मधल्या लोखंडी दारावर द्युला इयेश या हंगेरियन कवीची जुलमी सत्तेवरची कविता कोरलेली आहे. ती १९५० मध्ये लिहिली गेली आणि १९५६ च्या त्या थोड्या मोकळ्या दिवसांत पहिल्यांदा छापली गेली. तो दरवाजा बंद असतो. आत जायचं ते बाजूच्या छोट्या वाटेने.

तिकिटाच्या खिडकीवर माहितीपुस्तिका मिळते, ती घ्याच. आतल्या फलकांवर नाव, शिल्पकार आणि वर्ष एवढंच असतं. कोणता पुतळा कुठे होता हे पुस्तिकेशिवाय कळत नाही. इंग्रजीतून मार्गदर्शित फेरीही असते.

आतली वाट

मधोमध सरळ रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गोल पायवाटा, आठच्या आकड्यासारख्या. कुठल्याही वाटेने गेलात तरी फिरून मधल्या रस्त्यावर येता. मधल्या रस्त्यावर लाल फुलांचा पंचकोनी तारा आहे. आणि तो सरळ, निर्धाराने पुढे जाणारा रस्ता शेवटी विटांच्या भिंतीला जाऊन थडकतो. एलेअडचा विनोद कुठल्याही मार्गदर्शकाविना कळतो.

माझा क्रम असा: आधी शेवटच्या भिंतीपर्यंत सरळ चालत जा, मग मागे येताना एकेक वळण घ्या. पहिल्यांदा थांबायचं ते या ठिकाणी.

किशफालुदी श्ट्रोब्लचा सोव्हिएत सैनिक. गेलेर्ट टेकडीवरच्या स्त्रीच्या पायाशी होता तो, सहा मीटरचा, छातीवर बंदूक, हातात झेंडा. १९५६ मध्ये लोकांनी त्यालाही पाडला होता, उठाव मोडल्यावर पुन्हा बसवला गेला. खाली उभं राहिलात की मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं. टेकडीवर त्याच्या डोक्यावर १४ मीटरची स्त्री होती, त्यामुळे तिथे तो लहान दिसत असणार. सकाळी ट्राममधून स्त्रीला पाहिलेलं असेल तर हा हिशोब तुम्हीच मांडाल.

त्याच शिल्पकाराचं हंगेरी-सोव्हिएत मैत्रीचं शिल्प. हंगेरियन कामगार आणि सोव्हिएत सैनिक हस्तांदोलन करतात. हातांकडे जवळून बघा. कामगाराने सैनिकाचा हात दोन्ही हातांनी धरला आहे, सैनिकाने एकच हात पुढे केला आहे आणि अंग ताठ आहे. हे शिल्पकाराने कळत केलं की नकळत, यावर तासभर वाद घालता येईल. मला वाटतं कळत. किशफालुदी श्ट्रोब्ल युद्धाआधीच्या राजवटीतही मानाचा शिल्पकार होता. सत्ताधाऱ्याच्या हाताची पकड कशी असते हे त्याला नीट माहीत होतं.

इश्तवान किशचं १९६९ मधलं प्रजासत्ताकाचं स्मारक. धावत सुटलेला महाकाय माणूस, हात मागेपुढे फेकलेला, मुठीत कापड. रॉबर्ट बेरेन्यीच्या १९१९ मधल्या 'शस्त्र घ्या' या भित्तिपत्रकावरून तो घेतला आहे. कागदावर ते चित्र अंगावर येतं, ब्राँझमध्ये इतकं मोठं केल्यावर पुणेरी माणसाला हसू यावं तसं बुडापेस्टकरांनाही आलं. त्यांनी त्याला कपडे सांभाळणारा कर्मचारी ठरवलं: नाट्यगृहातून निघालेल्या गिऱ्हाइकामागे "साहेब, मफलर राहिला!" म्हणत धावणारा. पर्यटक त्याच्या पोझमध्ये उडी मारून फोटो काढतात. तुम्हीही काढा, पण एक फोटो त्याच्या पायाजवळ माणूस उभा करून काढा, मापं कळतात. याच शिल्पकाराचे दोन प्रचंड तळवे आणि त्यांच्यामध्ये चेंडूसारखा गोल, हेही इथेच आहेत, १९७६ मधले.

कॅप्टन ओस्तापेन्को. येनो केरेन्यीने १९५१ मध्ये केलेला, हातात झेंडा. २९ डिसेंबर १९४४ ला जर्मनांना शरणागतीची अट कळवायला गेलेले दोन सोव्हिएत अधिकारी मारले गेले, ओस्तापेन्को आणि श्टाइनमेट्झ. पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या दूतांना जर्मनांनी गोळ्या घातल्या, ही अधिकृत कथा शाळेत शिकवली जाई. नंतर सुरुंग आणि तोफांच्या गोळ्यांचाही मुद्दा इतिहासकारांनी पुढे आणला. पण बुडापेस्टकरांना तो वेगळ्याच कारणाने आठवतो. पुतळा बालातोन सरोवराकडे जाणाऱ्या महामार्गाच्या फाट्यावर होता. लिफ्ट मागणारी कॉलेजची मुलं आणि एकमेकांची वाट बघणारी कुटुंबं "ओस्तापेन्कोपाशी भेटू" म्हणत. साठीच्या पुढचा हंगेरियन माणूस या पुतळ्यासमोर उभा राहून हसताना दिसला तर तो साम्यवादाला हसत नसून स्वतःच्या सुट्ट्या आठवत असण्याची शक्यता जास्त.

आणि मग इम्रे वारगाचा बेला कुन. पार्कमधलं एकच शिल्प बघायचं म्हटलं तर हे. बेला कुन १९१९ च्या त्या १३३ दिवसांच्या प्रजासत्ताकाचा पुढारी. पुढे तो मॉस्कोला गेला आणि १९३८ मध्ये स्टालिनच्याच शुद्धीकरणात मारला गेला. १९८६ मध्ये, राजवट थकत चालली असताना, वारगाने त्याचं स्मारक केलं. ते बुडा बाजूच्या व्हेर्मेझो मैदानावर होतं. कुन वर उभा, हातात टोपी, बाजूला रस्त्यावरचा दिव्याचा खांब. खाली लोखंडी, तांब्याच्या, चकाकत्या पत्र्याच्या सपाट आकृत्यांची गर्दी, सैनिक आणि कामगार, पुढे सरकत जाणारी. समोरून बघितलंत तर क्रांतीचा जल्लोष. मग वळसा घालून पाठीमागे जा. आकृत्या पातळ पत्र्याच्या आहेत, पाठीमागून कुणाला चेहरा नाही. या गर्दीला मागची बाजू नाही, एवढंच शिल्पकाराने सांगितलं, आणि सेन्सॉरच्या नजरेतून ते सुटलं किंवा तेव्हा सेन्सॉर तेवढा जागा नव्हता.

वारगाचं हे काम आवडलं तर दुसऱ्या दिवशी दोहान्य रस्त्यावरच्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या मागच्या अंगणात जा. तिथे त्याचं धातूचं झाड आहे, खाली झुकलेल्या फांद्या आणि पानापानावर मारल्या गेलेल्यांची नावं. बेला कुन आणि हे झाड, दोन्ही एकाच हाताची कामं. आणि सकाळी पाहिलेला इम्रे नाज? तो वारगाच्या मुलाचा, तमाश वारगाचा. मी लोकांना सांगतो की पार्कमध्ये नेत्यांची नावं वाचण्याऐवजी शिल्पकारांची वाचा. लेनिन-मार्क्स सगळीकडे सारखेच. पण हे पुतळे सोव्हिएत कारखान्यातून पेटीबंद आलेले नाहीत. बहुतेक हंगेरियन शिल्पकारांनी हंगेरियन ओतशाळांत केले आहेत, काहींनी मनापासून, काहींनी पोटासाठी, आणि कोणी कशासाठी हे धातूत बऱ्याचदा दिसतं.

दोन आणखी ठिकाणी थोडं थांबा. आगामेमनन माक्रिस या ग्रीसमध्ये जन्मलेल्या शिल्पकाराने १९६८ मध्ये केलेलं स्पॅनिश यादवी युद्धातल्या स्वयंसेवकांचं स्मारक: ठोकळ्यांसारख्या आकृत्या, उगारलेल्या मुठी. आणि व्हिक्टर काल्लोचा हात वर करून कोसळणारा माणूस, १९६० मधला. १९५६ च्या उठावात पक्षाच्या इमारतीवर हल्ला झाला तेव्हा मारल्या गेलेल्या पक्षाच्या माणसांसाठी तो उभा केला होता, 'प्रतिक्रांतीचे हुतात्मे' म्हणून. सकाळचे ते लोखंडी खांब दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी आहेत. एकाच उठावातल्या मृत्यूंची दोन स्मारकं, एक शहरात, एक इथे.

बाकीच्या अनेक फलकांवर वेळ घालवण्याची गरज नाही. पार्टीच्या स्थानिक शाखेचे संगमरवरी फलक कुठल्याही देशात कंटाळवाणेच असतात.

बूट, बराक आणि दुकान

दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत स्टालिनची ती प्रेक्षकसज्जा आहे, मूळ आकारात पुन्हा बांधलेली, आणि वर दोन ब्राँझचे बूट. १९५६ च्या पन्नाशीला, २००६ मध्ये, एलेअडनेच ही प्रतिकृती केली. हे मूळ बूट नाहीत, हे लक्षात ठेवा. पार्कमध्ये स्टालिनचा भला मोठा पुतळा नाही, कारण तो १९५६ मध्येच पाडला गेला. बुटांखाली उभं राहिल्यावर सकाळचा रस्ता आठवला तर या दिवसाची आखणी वसूल झाली.

शेजारच्या लाकडी बराकीत छोटं प्रदर्शन आणि चित्रपट आहे: गुप्त पोलिसांनी स्वतःच्या माणसांना शिकवण्यासाठी बनवलेल्या फिती. फोनमध्ये चोरून ऐकायचं यंत्र कसं बसवायचं, घराची झडती कशी घ्यायची, शेजाऱ्याला खबऱ्या कसं बनवायचं. इंग्रजी उपशीर्षकं असतात. पुतळ्यांपेक्षा हे जास्त अस्वस्थ करतं, त्यामुळे लहान मुलांबरोबर असाल तर त्यांना त्राबांट गाडीत बसवा आणि आळीपाळीने आत जा. त्राबांट पूर्व जर्मनीची, कापसाच्या तंतूत राळ मिसळून केलेल्या अंगाची गाडी. आत बसून फोटो काढता येतो.

दुकानात लाल ताऱ्याचे टी-शर्ट, बिल्ले, जुनी गाणी मिळतात. घ्यायचं तर घ्या, पण टी-शर्ट पिशवीत ठेवा. हंगेरीत लाल तारा आणि कोयता-हातोडा सार्वजनिक ठिकाणी मिरवण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि मेट्रोत तुमच्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या घरातलं कुणी १९५६ नंतर तुरुंगात गेलेलं असू शकतं.

परतीची बस, आणि पुढे कुठे

परतीची बस कधी हे उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, आणि हा रस्ता चालत जाण्याजोगा नाही.

हा विषय डोक्यात राहिला तर युरोपात अशी आणखी ठिकाणं आहेत, पण प्रत्येकाचा पोत वेगळा. लिथुआनियात द्रुस्किनिंकाईजवळचं ग्रूतास पार्क मश्रूमच्या धंद्यात पैसा केलेल्या विलियुमास मालिनाउस्कास यांनी २००१ मध्ये उघडलं. जंगल, पहारा मनोरे, काटेरी तारा, आणि सोबत खेळण्याची जागा. तिथे जाणाऱ्यांत चिडून परतणारे बरेच. एस्टोनियाच्या टालिनमध्ये मार्यामाए राजवाड्यामागे २०१८ पासून पुतळे मांडले आहेत, लहान पण नेटकं. सोफियात २०११ पासून समाजवादी कलेचं संग्रहालय आहे. मॉस्कोच्या मुझेओन बागेत, नव्या त्रेत्याकोव्ह कलादालनाशेजारी, ऑगस्ट १९९१ मध्ये लुब्यांका चौकातून उतरवलेला झेरझिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक, उभा आहे. कधी मॉस्कोला गेलात तर तिथल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयातही डोकवा, २०२२ पासून तिथे अण्णाभाऊ साठे पुतळ्याच्या रूपात आहेत, १९६१ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत देशात येऊन गेलेले.